दोन हजार रुपयांचा पहारेकरी

१. फोनवरचा आकडा कुणाच्या गल्लीचा?

हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. फोनमधलं अ‍ॅप म्हणतं, हवा ‘मध्यम’ आहे. इकडे समोरचा टॉवर धुरकट दिसतोय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खोकला थांबत नाही आणि शेजारच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडायचं काम जोरात चालू आहे. मग अ‍ॅप खोटं बोलतंय का?

खोटं नाही. बहुतेक वेळा ते दुसऱ्या ठिकाणचं खरं सांगत असतं. अ‍ॅपवरचा आकडा सहसा जवळच्या सरकारी मापन केंद्राचा असतो, नाहीतर अशा काही केंद्रांवरून बांधलेला अंदाज असतो. ‘जवळचं’ केंद्र चार-पाच किलोमीटरवरही असू शकतं. तुमच्या शेजारच्या पाडकामाची धूळ तिथपर्यंत पोचेलच असं नाही.

मग गल्लोगल्ली केंद्रं का नाहीत? कारण एक पूर्ण केंद्र म्हणजे वातानुकूलित खोली, तिच्यात वेगवेगळ्या प्रदूषकांसाठी वेगवेगळी यंत्रं, त्यांची नियमित तपासणी आणि ती करणारी शिकलेली माणसं. खर्च कोटी रुपयांच्या घरात जातो. त्यामुळे मोठ्या शहरांतही ही केंद्रं मोजकीच असतात आणि तालुक्याच्या गावात बहुधा एकही नसतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र एक गोष्ट बदलली. हवेतली सूक्ष्म धूळ मोजणारा, काड्यापेटीपेक्षा थोडा जाडजूड असा सुटा भाग दोन हजार रुपयांच्या आसपास मिळू लागला. २०१५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात काही हौशी मंडळींनी असे भाग नळाच्या प्लॅस्टिक पाइपांत बसवून घराघरांच्या बाल्कनीत टांगायला सुरुवात केली, आणि ते जाळं पुढे कितीतरी देशांत पसरलं. कोटीचं काम दोन हजारांत होत असेल, तर सरकार कोटी का मोजतं, असं कुणालाही वाटेल. उत्तर त्या डबीच्या आत आहे.

२. कवडशातली धूळ

कौलारू घरात फुटक्या कौलातून उन्हाचा कवडसा आत येतो, तेव्हा एरवी न दिसणारे धूलिकण त्यात तरंगताना दिसतात. स्वस्त सेन्सर याच तत्त्वावर चालतो. उन्हाच्या जागी लेसरचा बारीक किरण, डोळ्याच्या जागी प्रकाश टिपणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आणि हवा आत ओढायला नखाएवढा पंखा. किरणातून कण गेला की प्रकाश विखुरतो, क्षणभर चमक उठते. जास्त चमका म्हणजे जास्त कण, आणि मोठी चमक म्हणजे मोठा कण, असा हिशेब यंत्र करतं.

आपल्याला हवा असतो तो ‘पीएम २.५’चा आकडा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं एक घनमीटर हवेत एकूण वजन किती, हे तो सांगतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा भाग म्हणजे अडीच मायक्रॉन. हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात, म्हणून त्यांची एवढी चर्चा.

पण मेख अशी, की आपल्याला हवं आहे वजन आणि डबी मोजते ती चमक. चमकेवरून आकार, आकारावरून वजन, असा अंदाज ती बांधते आणि त्यात कण गोल आहे, अमुक घनतेचा आहे असं गृहीत धरते. काजळीचा कण आणि सिमेंटचा कण सारख्या वजनाचे नसतात, सारखे चमकतही नाहीत. सरकारी केंद्रातलं यंत्र वेगळ्या पद्धतीनं चालतं. एका प्रचलित प्रकारात ते ओढून घेतलेली हवा आधी कोरडी करतं, धूळ फितीवर गोळा करतं आणि त्या थरातून बीटा किरण किती अडतात यावरून तिचं वस्तुमान काढतं. चमकेचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण दमटपणाची. पहाटेच्या दवात किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या कोंदट हवेत कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त चमकतो. सेन्सर म्हणतो, धूळ वाढली. प्रत्यक्षात वाढलेलं असतं पाणी. धुक्यात तर हा आकडा अगदीच बेताल होतो. कोकणात किंवा गोव्यात सेन्सर लावणाऱ्यानं हे पक्कं ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. या डब्या बारीक कण बऱ्यापैकी टिपतात, पण जाड धूळ टिपण्यात कच्च्या असतात. त्या ‘पीएम १०’चाही आकडा दाखवतात, पण तो मोठ्या प्रमाणात बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. आणि पाडकामाची, खडीची, रस्त्यावरची धूळ मुख्यतः जाडच असते. म्हणजे शेजारच्या बिल्डरविरुद्ध पुरावा गोळा करायला दोन हजारांचा सेन्सर आणलात, तर नेमकी त्याचीच धूळ त्याला कमी दिसण्याची शक्यता आहे.

३. चुकणारं यंत्र कामाचं कसं होतं?

चूक दोन प्रकारची असते. एखादं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल, तर वेळ बरोबर सांगता येते. कधी पाच मिनिटं पुढे, कधी वीस मिनिटं मागे असेल, तर ते काढून ठेवलेलं बरं. स्वस्त सेन्सरची बरीचशी चूक पहिल्या प्रकारची असते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते. त्यासाठी तो काही आठवडे सरकारी केंद्राच्या शेजारी टांगायचा, दोघांचे आकडे समोरासमोर मांडायचे आणि संबंध शोधायचा.

अमेरिकेत जंगलांना वणवे लागतात तेव्हा लोकांना धुराची माहिती तातडीनं लागते आणि सरकारी केंद्रं अपुरी पडतात. तिथं हजारो घरांवर ‘पर्पलएअर’ नावाचे स्वस्त सेन्सर आधीच लावलेले होते. पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे आणि सरकारी यंत्रांचे आकडे ताडून एक सूत्र काढलं. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. सूत्र शाळकरी आहे: सेन्सरच्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेच्या टक्क्याला ०.०८६ ने गुणून ते वजा करा, आणि ५.७५ मिळवा.

करून बघू. समजा, सेन्सरची दिवसभराची सरासरी आली १०० मायक्रोग्रॅम आणि आर्द्रता ५० टक्के आहे. १०० गुणिले ०.५२४ म्हणजे ५२.४. आर्द्रतेचे ४.३ वजा केले, उरले ४८.१. त्यात ५.७५ मिळवले की सुमारे ५४. भारतात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. म्हणजे कच्च्या आकड्यानुसार मर्यादा केव्हाच ओलांडली गेली, दुरुस्त आकड्यानुसार हवा मर्यादेच्या थोडी आत आहे. एका गुणाकारावर ‘बातमी’ आणि ‘बातमी नाही’ यांतला फरक ठरतो. (जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार हाच आकडा १५ हवा, ती गोष्ट वेगळी.)

हे सूत्र उचलून ठाण्यात किंवा चंद्रपुरात वापरायचं मात्र नाही. ते अमेरिकेतल्या हवेवरून काढलेलं आहे. आपल्याकडे खारी हवा, कोळशाची राख, शेकोट्यांचा धूर, रस्त्याची माती असं मिश्रण असतं आणि ते गावागणिक बदलतं. म्हणून नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबईत मंडळाच्या १५ ठिकाणी ४० सेन्सर सरकारी यंत्रांच्या सोबतीनं चालवून पाहिले. काम योग्य दिशेचं होतं. फक्त तारखा पुन्हा वाचा: नोव्हेंबर ते मे. मुंबईचा पावसाळा, म्हणजे सेन्सरची खरी परीक्षा, त्या काळात आलाच नाही.

एवढं सांभाळलं की स्वस्त सेन्सर एक काम महागड्या केंद्रापेक्षाही चांगलं करतो. आकडा अचूक किती यापेक्षा कुठे जास्त, कुठे कमी आणि कधी, हे तो सांगतो. वीस गल्ल्यांत वीस डब्या असतील आणि त्यांतली एकच रोज रात्री अकरा ते एक या वेळात उसळत असेल, तर तिथं काहीतरी जळतंय हे सांगायला सूत्राची गरज नाही.

४. बॅटरी नसलेली चिठ्ठी

आतापर्यंतचा सेन्सर एका जागी बसून मोजतो. पण काही सार्वजनिक प्रश्न जागेवर बसत नाहीत. कचरा फिरतो, टँकर फिरतात, जनावरं फिरतात. त्यांच्यासाठी टॅग.

सगळ्यात साधा टॅग तुमच्या गाडीच्या काचेवर आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर सक्तीचा झालेला फास्टॅग. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरचा वाचक (रीडर) रेडिओ लहरी सोडतो, टॅगमधली पातळ तार त्याच लहरींतून थोडी ऊर्जा घेते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. बस्स, एवढंच. आपण कुठे आहोत हे फास्टॅगला ठाऊक नसतं. वाचक कुठे उभा आहे ते आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून गाडी कुठे होती ते कळतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतःची जागा ओळखणारा टॅग. इथे एक गैरसमज फार रुजलेला आहे, की जीपीएस आपली जागा उपग्रहाला ‘कळवतं’. ते काहीच कळवत नाही. उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं आणि त्यांवरून आपली जागा काढतं. ती दुसऱ्याला कळवायची तर वेगळा भाग लागतो, बहुधा मोबाईलचं सिम. आणि सिम आलं की बॅटरी आली, रिचार्ज आला, रेंज नसलेली दरी आली. थोडीशीच माहिती पाठवायची असेल तर ‘लोरा’ नावाची पद्धत स्वस्त पडते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो, मोकळ्या माळावर संदेश काही किलोमीटर जातो आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षं काम चालतं. तिच्यातून फोटो जाणार नाही. विहिरीच्या पाण्याची पातळी मात्र आरामात जाईल.

५. बिबट्याच्या शेपटीतली चिप

बॅटरी नसलेल्या टॅगनं सरकारी धोरणाचं पितळ कसं उघडं पाडलं, याचं उदाहरण आपल्याच जुन्नर भागात घडलं. तिथल्या उसात बिबटे राहतात. २००१ च्या सुमारास लोकांची ओरड वाढली, तशी वनखात्यानं पिंजरे लावून बिबटे पकडायला आणि दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात केली. दिसायला उपाय अगदी चोख: बिबट्या गेला, प्रश्न गेला.

संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा बारकाईनं अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून सोडण्याचा धडाका सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. पकडलेल्या बिबट्यांना तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचण्याची पद्धतही याच कामातून रुळली. चिप वाचायला यंत्र अगदी अंगाजवळ न्यावं लागतं, म्हणजे जनावर आधी हाती लागलं पाहिजे. तरी तिचा फायदा मोठा. पुढच्या वेळी कुठेही बिबट्या पकडला, की हा नवा की आपणच सोडलेला, याचं उत्तर अंदाजानं द्यावं लागत नाही.

सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, हे ‘आजोबा’नं सगळ्यात ठळक दाखवलं. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथं विहिरीत पडलेला हा वयस्क नर. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथून निघाला तो महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्यानं कुणालाही इजा केली नाही. काही काळानं पट्टा बंद पडला. २०११ मध्ये मुंबईजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला, तेव्हा तो आजोबाच असल्याचं शेपटीतल्या चिपवरून कळलं. महागडा पट्टा थांबला, पण चिपला बॅटरीच नव्हती, त्यामुळे संपायलाही काही नव्हतं. त्याच्यावर पुढे त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला.

६. कचऱ्याचा माग

२००९ मध्येच अमेरिकेतल्या सिएटल शहरात एमआयटीच्या एका प्रयोगशाळेनं लोकांच्या घरातल्या सुमारे ३००० टाकाऊ वस्तूंना छोटे टॅग लावले आणि त्या कचऱ्यात जाऊ दिल्या. पेला, बूट, जुना फोन, प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज. काच आणि कागद फार लांब गेले नाहीत. इलेक्ट्रॉनिक आणि घातक कचरा मात्र देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. ‘पुनर्वापरासाठी दिलं’ म्हटल्यावर ग्राहकाचं समाधान होतं. वस्तूचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो.

हाच धागा ‘बासेल अ‍ॅक्शन नेटवर्क’ या संस्थेनं पकडला. बिघडलेल्या प्रिंटर आणि मॉनिटरांत साधारण २०० टॅग लपवून त्या वस्तू अमेरिकेत ठिकठिकाणी दान केंद्रांत आणि पुनर्वापर कंपन्यांत दिल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: सुमारे एक तृतीयांश वस्तू परदेशात गेल्या होत्या, बहुतेक आशियात, आणि त्यांतल्या पुष्कळ हाँगकाँगच्या बाहेरच्या भागातल्या भंगार अड्ड्यांवर. तिथं कामगार चपट्या मॉनिटरांतल्या पाऱ्याच्या नळ्या कसलीही काळजी न घेता फोडत होते.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या शोधात सापडलेल्या सिएटलमधल्या एका बड्या पुनर्वापर कंपनीच्या दोन मालकांना २०१९ मध्ये प्रत्येकी २८ महिन्यांची कैद झाली. ‘सगळं इथंच सुरक्षित मोडू’ असं ग्राहकांना सांगून माल बाहेर पाठवला, म्हणून फसवणुकीचा गुन्हा. टॅगनं जागा दाखवली, पण शिक्षा झाली ती आधी लिहून दिलेल्या वचनामुळे. वचनच नसतं, तर नकाशावरचे ते ठिपके नुसते बघत बसावे लागले असते.

७. हापशाचा दांडा हलत नाही

केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हापशाच्या दांड्यात हालचाल ओळखणारा छोटा सेन्सर बसवला. आपल्या फोनचा पडदा आडवा-उभा करतो त्याच जातीचा. दांडा किती वेळा हलला याची मोजणी मोबाईल संदेशानं जाते. दांडा हलायचा थांबला की मिस्त्री निघतो. पूर्वी हापसा बिघडला की सरासरी २७ दिवस पडून असायचा. तो कालावधी तीन दिवसांच्या आत आला.

यात एक गंमत आहे. पावसाळ्यात लोक ओढ्याचं किंवा छपराचं पाणी वापरतात, तेव्हा दांडा थांबतो आणि हापसा मात्र ठणठणीत असतो. म्हणजे ‘शांतता’ हा आकडासुद्धा गाव माहीत असलेल्या माणसानंच वाचायचा.

रवांडातला प्रयोग याहून बोलका. तिथं हापसे तीन गटांत विभागले. पहिल्यात नेहमीची सरकारी पद्धत: दुरुस्तीला मध्यक १५२ दिवस. दुसऱ्यात सेन्सरचे इशारे नाहीत, फक्त मिस्त्र्यांच्या नेमानं फेऱ्या: ५७ दिवस. तिसऱ्यात सेन्सरच्या इशाऱ्यावर निघणारी तुकडी: २१ दिवस, आणि हापसे ९१ टक्के वेळ चालू. आता वजाबाकी करा. १५२ वरून ५७, म्हणजे ९५ दिवस वाचले ते मिस्त्री वेळेवर फिरल्यामुळे. सेन्सरनं वाचवले त्यापुढचे ३६. निविदा काढताना हे दोन आकडे कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर असावेत असं फार वाटतं. (आफ्रिकेतल्या अनेक देशांत वापरला जाणारा ‘इंडिया मार्क दोन’ हापसा ज्या पंपावरून घडला, तो सोलापूरचा. दुरुस्तीची अक्कलही तिकडून इकडे यायला हरकत नाही.)

८. टॅग कुणाच्या मनगटावर?

आपल्याकडे टँकरला जीपीएस असतं. टँकर वस्तीवर पोचला हे ते सांगतं. विहिरीत पाणी ओतलं का, किती ओतलं, हे सांगत नाही. त्यासाठी टाकीत पातळी मोजणारा सेन्सर हवा. घंटागाडीचा कर्मचारी घराच्या भिंतीवरचा टॅग वाचतो, त्यावरून तो दारात आला होता हे सिद्ध होतं. ओला-सुका कचरा वेगळा उचलला का, हे नाही. यंत्र नेमकं काय मोजतंय आणि आपण त्यातून काय समजतोय, यांतली फट कंत्राटदाराला आपल्या आधी कळते.

आणि एक पद्धत मला सरळ चुकीची वाटते. नागपूर, चंदीगडसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. कामगार पाच मिनिटं कुठे थांबला ते दिसतं. त्याला हातमोजे मिळाले का, गाडीचं चाक मोडून किती दिवस झाले, हे मोजणारं घड्याळ कुणी घेतलं नाही. टॅग वस्तूला लावा, वाहनाला लावा, कंत्राटातल्या वचनाला लावा. सगळ्यात दुबळ्या माणसाला लावणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून तिथूनच सुरुवात होते.

९. तुम्हाला लावायचाच असेल तर

सेन्सर जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर, पावसाच्या ओघळापासून सांभाळून आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून लांब टांगा. नाहीतर फोडणीची वेळ सोडून दुसरं काही कळणार नाही. त्याच्यासोबत आर्द्रता मोजणारा शंभर-दोनशे रुपयांचा भाग घ्याच. एक घेण्याऐवजी दोन घेऊन शेजारी-शेजारी लावलेत तर उत्तम. दोघांचं जमत नसेल तर एक बिघडलाय हे लगेच कळतं. शक्य असेल तर पहिला महिना सरकारी केंद्राच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या घरी तो चालवून बघा आणि तोवरचे आकडे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. वॉर्ड ऑफिसात जाताना एका रात्रीचा स्क्रीनशॉट नको, निदान महिन्याभराचा तासवार तक्ता न्या, सोबत लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.